वादळांतून आलेली वाणी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानाला सणाला शोभेल असा कांहीं प्रसन्न विषय निवडावा अशी रीत आहे. आणि आम्हीं तर वादळ हा विषय घेतला, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. परंतु समुद्रकिनाऱ्यावरील धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा हिशेब वादळांवांचून पुरा होत नाहीं. कोणत्या वर्षीं देवळाचीं कौलें उडालीं, कोणत्या वर्षीं केळींच्या बागा आडव्या झाल्या, कोणत्या वर्षीं बंदरांतून गेलेली होडी परत आली नाहीं, ह्याच खुणांवरून आमचीं वडील माणसें वर्षें मोजीत आलीं. २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते नांवाचें चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजराथकडे गेलें, तें तर शाळेंतील मुलांसही आठवतें. आणि त्याहून चारशें वर्षें मागें, १६१८ सालच्या मे महिन्यांत, वसईवर जें तुफान कोसळलें त्याची हकीकत पोर्तुगीज बखरकारांनीं लिहून ठेविली आहे. त्यांत मठ व देवळें ह्यांचीही मोठी मोडतोड झाली.

अशा प्रत्येक वादळानंतर, पडलेलीं झाडें उचललीं जाण्यापूर्वींच, एक प्रश्न दारोदार फिरूं लागतो: हें कोणाच्या पापाचें फळ? कोणी गांवांतील भांडणांकडे बोट दाखवितो, कोणी तरुणांच्या उच्छृंखलपणाकडे, आणि कोणी तर ज्या घराचें नुकसान झालें त्या घराकडेच. आम्ही हें केवळ इतरांविषयीं बोलत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका बाईंचे यजमान समुद्रावर गेले असतां वादळ झालें आणि ते परत आले नाहींत. आम्ही त्या वेळीं तरुण होतों, धर्मशिक्षणाचे वर्ग नुकतेच घेऊं लागलों होतों, आणि सांत्वन करणें म्हणजे कारण सांगणें अशी आमची समजूत होती. त्या घरीं बसून आम्हीं सांगितलें कीं, देव उगाच शिक्षा करीत नाहीं, तेव्हां कोठें काय चुकलें असेल तें शोधून पाहावें. बाईंनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं उठून आम्हांस पाणी आणून दिलें. आजचा विषय आम्हीं निवडला तो त्या पाण्याच्या तांब्यामुळें, असें म्हटलें तरी चालेल. ज्या पवित्र शास्त्राच्या आधारानें बोलत आहों अशी आमची कल्पना होती, त्या शास्त्रांत, म्हणजे इब्री लोकांच्या जुन्या करारांत, वारा व वादळ ह्यांविषयीं खरोखर काय लिहिलें आहे तें आज आपण मिळून पाहूं.

प्रथम तो देश डोळ्यांपुढें आणिला पाहिजे. पॅलेस्टाईनच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र आणि पूर्वेला वाळवंट. इब्री मनुष्य दिशा मोजतो तो पूर्वेकडे तोंड करून. म्हणून पूर्वेच्या वाऱ्याला तो कादीम, म्हणजे समोरचा वारा, म्हणतो, आणि पश्चिमेला याम, म्हणजे नुसतें समुद्र, असें नांव देतो. आपल्याकडेही पश्चिम म्हणजे समुद्रच, आणि पाऊस तेथूनच येतो. इतपत त्याचा देश आपल्यासारखा आहे. परंतु आपला पाऊस जून महिन्यांत सुरू होऊन सप्टेंबरच्या अखेरीस ओसरूं लागतो, तर त्याचा पाऊस सुमारें ऑक्टोबरांत आरंभ होऊन एप्रिलांत संपतो. उन्हाळाभर तेथें बहुधा थेंब पडत नाहीं. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांतील लोकांची भीति आपणांस समजते. गव्हाच्या कापणीचे दिवस होते, आणि शमुवेलानें प्रार्थना करतांच गडगडाट होऊन पाऊस कोसळला. आपल्याकडे ज्येष्ठ महिन्यांत कोणी पाऊस पाडून दाखविला तर कोणी मान वर करून पाहणार नाहीं. तेथें मात्र तें मोठें भयंकर चिन्ह होतें.

कादीम हा वाळवंटाचा वारा. तो कोरडा, तापलेला व धुळीनें भरलेला असतो. आजही तो त्या देशांत सुटला म्हणजे वसंतांतील हिरवीं कुरणें पाहतां पाहतां करपतात. फारोच्या स्वप्नांतील कणसें ह्याच वाऱ्यानें वाळलीं, मिसर देशावर टोळधाड ह्यानेंच आणिली, तार्शीशाचीं गलबतें ह्यानेंच फोडलीं. मौजेची गोष्ट अशी कीं, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथील ज्यू पंडितांनीं ह्या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर करण्यास आरंभ केला, तेव्हां निर्गमाच्या पुस्तकांत त्यांनीं पूर्वेचा वारा काढून दक्षिणेचा घातला. ते मिसरांत राहणारे. त्यांच्या अंगाला भाजणारा वारा दक्षिणेकडून येत असे. संत जेरोम ह्यांनीं लॅटिनमध्यें ती अडचण निराळ्या रीतीनें सोडविली. तांबडा समुद्र दुभंगण्याच्या प्रसंगीं त्यांनीं दिशेचें नांवच न घेतां जोराचा व दाहक वारा एवढेंच लिहिलें. मनुष्य वाऱ्याचें भाषांतर करतो तोही आपल्याच अंगणांत उभा राहून.

समुद्राशीं इब्री लोकांची फारशी ओळख नव्हती. शलमोन राजानें ताफा बांधला तेव्हां जाणते खलाशी सोरच्या हीराम राजानें पुरविले. पुढें यहोशाफाट राजानें गलबतें बांधलीं तीं एसयोन-गेबेर येथेंच फुटून गेलीं. आपल्या कोळी बंधूंनीं हें ऐकून हंसूं नये. डोंगरांत राहणाऱ्या ह्या लोकांस समुद्र भिववीत असे, आणि म्हणूनच त्यांच्या ग्रंथांत त्याचा गर्जनाशब्द इतक्या ठिकाणीं ऐकूं येतो.

आतां शब्दाकडे वळूं. इब्री भाषेंत रूआह असा एक शब्द आहे. जुन्या करारांत तो पावणेचारशें वेळां तरी आला आहे. त्याचा अर्थ वारा. त्याचाच अर्थ श्वास. आणि त्याचाच अर्थ आत्मा. आपल्या मराठींत प्राण हा शब्द श्वास व जीवित ह्या दोहोंना पुरतो, पण झाडें हलविणाऱ्या वाऱ्याला आपण बोलतांना प्राण म्हणत नाहीं. त्यामुळें मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणीं तिहींपैकीं एक शब्द निवडावा लागतो, आणि निवडला कीं उरलेले दोन अर्थ वाचकाच्या हातून निसटतात. उत्पत्तीच्या आरंभीं अगाध जलांवर जो देवाचा रूआह होता तो आत्मा कीं वारा, ह्याविषयीं पंडितांत वाद आहे. अलीकडील कित्येक भाषांतरकार तेथें प्रचंड वारा असें लिहितात. आमच्या मतें इब्री लेखकाला हा वादच समजला नसता. परंतु त्या वाक्यांतील क्रियापद पाहण्यासारखें आहे. तेंच क्रियापद अनुवादाच्या ३२ व्या अध्यायांत पिलांवर पंख पसरून घिरट्या घालणाऱ्या गरुडाविषयीं वापरलें आहे. तेव्हां तो वारा असेल तर तो झोडपणारा वारा नव्हे.

येथें ओघांत एक गोष्ट सांगतों. १९४३ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं कॅथोलिक पंडितांस शास्त्राचा अभ्यास मूळ भाषांतून करण्याचें उत्तेजन देणारें परिपत्रक काढिलें. ज्या लॅटिन शब्दांवरून त्याला नांव पडलें ते आरंभींचे शब्द दैवी आत्म्याच्या फुंकण्याविषयींच आहेत. शास्त्रलेखकांवर फुंकला गेला तोही रूआहच, आणि आज आम्ही धिटाईनें इब्री शब्दांविषयीं बोलत आहों तें त्या परिपत्रकानें मोकळ्या केलेल्या वाटेनेंच.

इस्राएल लोकांच्या शेजारीं जे कनानी लोक होते त्यांचा एक वादळाचा देव होता. त्याचें नांव बआल. त्याच्याविषयीं पूर्वीं जें ज्ञान होतें तें बहुतेक त्याच्या विरोधकांच्या लेखांतून आलेलें. १९२८ सालीं सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा ह्या टेकडीजवळ एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला लागला. पुढल्या वर्षीं क्लोद शेफर ह्या फ्रेंच संशोधकाच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन सुरू झालें, आणि उगारीत नांवाचें नगर व त्यांतील मातीच्या लेखपट्टिका बाहेर आल्या. त्या ख्रिस्तपूर्व चौदाव्या-तेराव्या शतकांतील आहेत. त्यांत बआलाला मेघांवर आरूढ होणारा असें विशेषण आहे. गर्जना हा त्याचा आवाज, आणि पाऊस ही त्याची देणगी. तेथेंच सांपडलेली, हातांत गदा व विजेचा भाला घेतलेली त्याची शिलामूर्ति पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे.

आतां स्तोत्रसंहितेंतील २९ वें स्तोत्र उघडून पाहावें. (जुन्या लॅटिन गणनेप्रमाणें तें २८ वें, आमच्या वडिलांच्या प्रार्थनापुस्तकांत आकडा निराळा दिसला तर गोंधळूं नये.) हें सबंध स्तोत्र म्हणजे एका वादळाचा प्रवास आहे. तें समुद्रावर उठतें, लबानोनावर चढून गंधसरू मोडतें, हर्मोन पर्वत वासरासारखा नाचवितें, आणि शेवटीं कादेशच्या रानांत उतरतें. परमेश्वराची वाणी हे शब्द त्यांत सात वेळां येतात. वाणीला इब्री शब्द कोल, आणि मेघगर्जनेलाही इब्री भाषा तोच शब्द वापरते. १९३५ च्या सुमारास गिन्सबर्ग ह्या ज्यू पंडितानें असें सुचविलें कीं, हें स्तोत्र मुळांत कनानी लोकांचें असून इस्राएलांनीं बआलाच्या जागीं परमेश्वराचें नांव घातलें असावें. हें ऐकून कोणा भाविकाचें मन दुखेल. आम्हांस मात्र त्यांत दुखण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. मूर्तिपूजकांचीं जुनीं देवळें ख्रिस्तसभेनें कित्येक ठिकाणीं शुद्ध करून आपलीं केलीं. रोमचें पँथेऑन त्याचा साक्षी आहे. स्तोत्र घेतलें तें असेंच घेतलें असेल. परंतु त्यांतून एक धोका मात्र उत्पन्न होतो, आणि तो शास्त्रानेंच ओळखिला. वादळाच्या देवाचीं वस्त्रें परमेश्वराला चढविलीं म्हणजे परमेश्वर हाही एक वादळाचा देव, फक्त अधिक बळकट, असें लोकांस वाटूं लागतें.

एलिया संदेष्ट्याची कथा ह्याच दृष्टीनें वाचावी. अहाब राजाच्या काळीं देशांत तिसऱ्या वर्षापर्यंत पाऊस नव्हता. पावसाचा मालक कोण, बआल कीं परमेश्वर, ह्याचा निकाल कर्मेल डोंगरावर लागावयाचा होता. एका बाजूला बआलाचे ४५० संदेष्टे, दुसऱ्या बाजूला एकटा एलिया. निकाल लागला तो आपणांस ठाऊकच आहे. मग एलिया डोंगराच्या माथ्यावर गुडघ्यांत डोकें घालून बसला आणि आपल्या चाकराला समुद्राकडे पाहण्यास पाठवूं लागला. सहा वेळां कांहीं दिसलें नाहीं. सातव्या वेळीं पश्चिमेला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसला. पुढें आभाळ काळें झालें, वारा सुटला, पाऊस कोसळला. मे महिन्याच्या शेवटीं आपणही असेच समुद्राकडे पाहत असतों, म्हणून ह्या प्रसंगाची गोडी आपणांस अधिक.

येथें कथा संपली असती तर परमेश्वर हा अधिक बळकट बआल ठरला असता. परंतु पुढल्याच अध्यायांत एलिया जीव घेऊन पळतो व होरेब पर्वतावरील गुहेंत येऊन राहतो. तेथें प्रथम पर्वत फोडणारा वारा येतो. शास्त्र सांगतें कीं परमेश्वर त्या वाऱ्यांत नव्हता. मग भूकंप, मग अग्नि. त्यांतही तो नव्हता. अग्नीनंतर जें आलें त्याला इब्री भाषेंत तीन शब्द आहेत: कोल देमामा दक्का. कोल म्हणजे तीच वाणी, जी स्तोत्रांत गंधसरू मोडीत होती. देमामा म्हणजे स्तब्धता. दक्का म्हणजे बारीक, सूक्ष्म. स्तब्धतेचा बारीक आवाज! भाषांतरकारांनीं मंद झुळूक, हळुवार स्वर असे नाना प्रकारें तें सोपें करून टाकिलें आहे. मूळ शब्द सोपे नाहींत आणि ते तसेच राहूं द्यावे. एलियानें तो आवाज ऐकून आपल्या झग्यानें तोंड झांकलें. वाऱ्यापुढें त्यानें तोंड झांकल्याचें लिहिलेलें नाहीं. आणि त्या आवाजानें त्याला विचारलें कीं, तूं येथें काय करीत आहेस. मग त्याला कामें सांगून आल्या वाटेनें परत पाठविलें.

म्हणजे वारा हा देव नव्हे. तर मग तो कोण? बहुतेक ठिकाणीं तो चाकर आहे. परमेश्वर त्याला रात्रभर समुद्रावर वाहावयास लावतो आणि वाट मोकळी होते. तो टोळ आणितो आणि पश्चिमेचा वारा ते परत नेतो. तो समुद्राकडून लावे पक्षी आणून छावणीवर टाकतो. ह्या कथा आपण लहानपणापासून ऐकिल्या आहेत, त्यांवर आम्ही अधिक बोलत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, चाकर जर धन्याच्या हुकुमानें येतो, तर ज्याच्या घरावर तो येतो त्याचा कांहीं अपराध असलाच पाहिजे. आणि लगेच योनाचें नांव घेईल. हा आक्षेप खरा आहे, तो टाळतां येणार नाहीं. योना निनवेस जाण्याचें सोडून याफो बंदरांतून तार्शीशाच्या गलबतावर बसला, आणि परमेश्वरानें समुद्रावर मोठा रूआह फेंकला. एका माणसाच्या पळून जाण्यामुळें ते सगळे खलाशी मृत्यूच्या दारीं आले, हें त्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे. परंतु तो अपराध कोणाच्या तोंडून उच्चारला गेला तें पाहावें. चिठ्ठ्या टाकून योनाचें नांव निघालें तरी खलाशांनीं त्याला पापी म्हटलें नाहीं. त्यांनीं त्याला विचारलें, आणि त्यानें स्वतः सांगितलें. त्यानें सांगितल्यावरही, मला समुद्रांत टाका असें तो म्हणत असतां, त्या परधर्मी माणसांनीं वल्हीं मारून गलबत किनाऱ्याला लावण्याची शिकस्त केली. दुसऱ्याचा अपराध पटल्यावरही त्याला वांचविण्यासाठीं ते राबले! आमच्या त्या सांत्वनाच्या भेटीची ह्या खलाशांशीं तुलना करण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

आतां ज्या ग्रंथासाठीं हा सारा प्रवास केला त्याकडे येऊं. ईयोबाला सात मुलगे व तीन मुली होत्या. तीं सर्व थोरल्या भावाच्या घरीं जेवीत असतां वाळवंटापलीकडून एक मोठा रूआह आला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला, आणि घर त्यांच्यावर पडलें. पडद्याआड काय घडलें होतें तें वाचकाला पहिल्या अध्यायांतच सांगितलेलें आहे. ईयोबाला मात्र तें ग्रंथाच्या अखेरपर्यंत कोणी सांगत नाहीं. त्याचे तीन मित्र भेटीला आले. सात दिवस व सात रात्रीं ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहींत. तोंवर सर्व कांहीं ठीक होतें. मग ते बोलूं लागले.

दुसरा मित्र बिल्दद ८ व्या अध्यायांत तोंड उघडतो. त्याचा पहिला आरोप असा कीं, ईयोबाचें बोलणें म्हणजे सोसाट्याचा वारा. आणि तेथें मूळ शब्द आहे तो रूआहच. ज्या बापाचीं दहा मुलें रूआहनें नेलीं त्याच्या आक्रोशाला त्यानें तेंच नांव दिलें. लागलीच पुढें तो सुचवितो कीं, मुलांनीं पाप केलें असेल म्हणून देवानें त्यांस त्यांच्या अपराधाच्या हवालीं केलें. एलीफज तर १५ व्या अध्यायांत आणखी कठोर होतो. शहाण्यानें वाळवंटाच्या कादीम वाऱ्यानें आपलें पोट भरावें काय, अशा अर्थाचें तो बोलतो. तो वाराही वाळवंटाकडूनच यावा! आमच्या भाषांतरांत एके ठिकाणीं वादळ, दुसरे ठिकाणीं पोकळ शब्द, तिसरे ठिकाणीं वायु असें काहींबाही पडतें व हा सल दिसेनासा होतो; इब्री वाचकाला मात्र जखमेवर पुन्हां पुन्हां बोट ठेवलेलें स्पष्ट दिसतें. ईयोब त्यांस तोच शब्द परत देतो. तुमच्या वाऱ्याच्या शब्दांना अंत आहे कीं नाहीं, असें तो त्यांस विचारतो. आणि पुढें २७ व्या अध्यायांत तो सांगतो कीं, देवाचा रूआह माझ्या नाकपुड्यांत आहे तोंवर मी खोटें बोलणार नाहीं. मुलांना नेणारा रूआह आणि त्याला अजून जिवंत ठेवणारा रूआह ह्यांस तो माणूस एकाच शब्दानें ओळखतो. ह्याहून अधिक अवघड विश्वास जुन्या करारांत आम्हांस कोठें आढळला नाहीं.

मग ३८ व्या अध्यायांत परमेश्वर बोलतो, आणि तो वादळांतून बोलतो. येथें शब्द बदलतो. रूआह नव्हे, तर सआरा, म्हणजे भिरभिरणारें वादळ. होरेबावर जो वाऱ्यांत नव्हता तो येथें वादळांतून कां बोलला? आम्हांस असें वाटतें कीं, ज्याची मुलें वादळानें नेलीं त्याला वादळापासून दूर राहून बोलणारा देव पुरला नसता. परंतु तो काय बोलला? पाप हा विषय त्यानें काढिलाच नाहीं. ईयोबाच्या मुलांविषयीं एक शब्दही नाहीं. पृथ्वीचे पाये, बर्फाचीं व गारांचीं कोठारें, पुराच्या पाण्याचे पाट, रानांतील पशु ह्यांविषयीं तो विचारीत जातो. आणि त्यांत एक लहानसें वाक्य आहे, जें आम्हीं कित्येक वर्षें वाचलें व पाहिलें नाहीं. जेथें मनुष्यवस्ती नाहीं अशा ओसाड रानावरही परमेश्वर पाऊस पाडतो. कोणाला बक्षीस म्हणून नव्हे, कोणाला शिक्षा म्हणून नव्हे. तेथें कोणी नाहींच. आभाळांत जें घडतें तें प्रत्येक वेळीं आपल्याच गांवाला उद्देशून घडतें, ही आपली समजूत त्या एका वाक्यापुढें टिकत नाहीं.

आणि शेवटीं परमेश्वराचा कोप झाला तो कोणावर? ईयोबावर नव्हे. एलीफजावर व त्याच्या दोघां सोबत्यांवर. कारण ते देवाविषयीं यथार्थ बोलले नाहींत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर देव रागावला! त्यांस सात गोऱ्हे व सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जावें लागलें, आणि ईयोबानें त्यांच्यासाठीं प्रार्थना केली तेव्हां त्यांचा निभाव लागला. आम्हांस तें भाग्य लाभलें नाहीं. शास्त्राचा हा अर्थ आम्हांस उमजला तोंवर त्या बाई देवाघरीं गेल्या होत्या.

आमच्या कित्येक जुन्या घरांतून अशी चाल आहे कीं, झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद दिलेली झावळी जपून ठेवावी आणि मोठें वादळ उठलें म्हणजे तिचा तुकडा जाळून प्रार्थना म्हणावी. शिकलेले लोक ह्या चालीला हंसतात. सर्व संतांच्या जुन्या लितानींतही वीज व वादळ ह्यांपासून सोडीव अशी याचना आहे. त्या याचनेंत अपराधी कोण ह्याची चौकशी नाहीं. सगळे एकाच नावेंत बसल्याप्रमाणें एकाच आवाजानें मागतात. झावळी जाळणारी आजी ह्या बाबतींत बिल्ददापेक्षां शास्त्राच्या अधिक जवळ आहे असें आम्हांस वाटतें.

यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायाविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. बाबेलच्या बंदिवासांत त्यानें वाळलेल्या अस्थींनीं भरलेलें खोरें पाहिलें. त्या चौदा ओवींत रूआह हा शब्द तिन्ही अर्थांनीं येतो: चारही दिशांचे वारे, मृतांत शिरणारा श्वास, आणि शेवटीं परमेश्वराचा स्वतःचा आत्मा. पेन्टेकॉस्तच्या दिवशीं यरुशलेमेंत शिष्य बसले होते त्या घरांत सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद भरला तेव्हां, इब्री शास्त्र ज्यांच्या कानांत होतें अशा त्या माणसांस हें खोरें आठवलें नसेल असें म्हणवत नाहीं. येथेंही पुन्हां एक घर आणि त्यावर आलेला वारा आहे. ह्या वेळीं मात्र घर पडलें नाहीं.

वादळांतून वांचलेल्यांसाठीं १०७ वें स्तोत्र आहे (लॅटिन गणनेनें १०६ वें). त्यांत चार प्रकारचे सुटलेले लोक येतात: रानांत वाट चुकलेले, तुरुंगांत पडलेले, आजारी, आणि समुद्रावरचे. तुरुंगांतील व आजारी ह्यांच्या अपराधाचा त्यांत उल्लेख आहे. समुद्रावरच्या माणसांविषयीं मात्र तो नाहीं. ते कामासाठीं गेले होते, वादळ उठलें, त्यांची सारी विद्या संपली, त्यांनीं हांक मारली आणि ते बंदराला लागले, इतकेंच. ज्यू लोकांच्या तालमुदानें ह्याच स्तोत्रावरून असा नियम केला कीं, ह्या चौघांनीं सुटकेनंतर मंडळीसमोर देवाचे आभार मानावे, आणि ती रीत आजही त्यांच्यांत चालू आहे.

आणि हे ज्यू लोक आपणांस परके नाहींत. आपल्याच कोंकण किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगांव येथें, एक गलबत वादळांत फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएल लोकांची आपल्या पूर्वजांविषयींची परंपरा आहे. बुडालेल्यांस त्याच गांवीं पुरलें असें ते सांगतात, आणि तेथें त्यांचें स्मारक आहे. त्या वादळांत त्यांचे ग्रंथ गेले. पिढ्यान् पिढ्या ते कोंकणांत तेल गाळीत राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. इब्री भाषा ते विसरले, मराठी त्यांची मातृभाषा झाली. एका देवाची ग्वाही देणारी शमा ही प्रार्थना मात्र त्यांच्या तोंडीं उरली होती. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं बहुतेक इस्राएल देशांत जाऊन राहिले, तरी कोंकणांत व मुंबईंत त्यांचीं घरें अजून आहेत.

त्या लोकांत सर्वांत अधिक प्रेम आहे तें एलिया संदेष्ट्यावर. त्याला ते एलियाहू हन्नाबी म्हणतात. अलिबाग तालुक्यांतील खंडाळे गांवीं एका खडकावर खुणा आहेत. एलियाचा रथ तेथें टेकून वर गेला, त्याच्या त्या खुणा, असें ते मानतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत एलिया सआरा वादळांत वर घेतला गेला असें लिहिलें आहे, आणि ईयोबाला उत्तर मिळालें तें ज्या वादळांतून, त्याचेंही नांव तेंच आहे. नवस फिटला किंवा घरीं मंगलकार्य निघालें म्हणजे बेने इस्राएल लोक मलिदा करितात. पोहे, गूळ व ओलें खोबरें एकत्र कालवून ताटांत मांडतात, भोंवतीं फळें ठेवतात, आणि वादळानें किनाऱ्यावर टाकलेल्यांचे ते वंशज वादळांतून गेलेल्या त्या संदेष्ट्याचें नांव घेऊन आशीर्वाद म्हणतात. मग तो प्रसाद जमलेल्या सर्वांस वांटतात.